पाण्याला धुराडे, बाईला धूर

नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्यांनी बंबाच्या पाण्याने अभ्यंगस्नान केले आहे, त्यांना पुढचे सांगणे सोपे आहे. ज्यांच्या वाट्याला नुसता गिझर आला, त्यांनी फराळाला बसण्यापूर्वी घरातल्या आजीला गाठावे आणि बंब म्हणजे काय ते विचारून घ्यावे. तांब्याचे उंच, गोल भांडे. त्याच्या मधोमध उभी नळी. नळीच्या बुडाशी जाळी. जाळीवर चार ढलप्या आणि दोन करवंट्या. जाळ नळीतून वर चढतो, चढता चढता भोवतालच्या पाण्याला आपली ऊब देतो आणि उरलेला धूर माथ्यावरच्या तोंडातून निघून जातो. एवढ्याशा सरपणात अख्खे घर आंघोळ करून मोकळे! ज्या कोणा कारागिराने हे यंत्र आपल्या परसात आणून ठेवले, त्याला विस्तवाचे वर्म कळले होते. जाळ कोंडावा, ऊब काढून घ्यावी, धुराला वाट द्यावी.

त्याच घरात, बंबापासून पंधरा पावलांवर, घरची बाई मातीच्या उघड्या चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणीने विस्तव फुंकत असे आणि पदराने डोळे पुशीत असे. पाण्याला धुराडे होते, तिला नव्हते.

हे मी भूतकाळात लिहिले, कारण हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी तो भूतकाळच आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला, जिथे रस्ता घाटमाथ्याकडे चढू लागतो, तिथल्या वाड्यावस्त्यांत मात्र तो वर्तमानकाळ आहे. त्याच्याविषयी मला आज थोडे भांडायचे आहे. सणाच्या दिवशी भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण सणाचे सारे रांधणेच ज्या जागी होते त्या जागेचे हे भांडण आहे.

विषय निघाला तो एका शेकोटीवरून. आमचे एक स्नेही मुंबईतली नोकरी संपवून आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून घर बांधून राहिले आहेत. या जलाशयाला याच तालुक्याच्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे आणि मूळचे आंबेगाव याच पाण्याखाली आहे. घर देखणे आहे. दिवाणखान्यात काळ्या दगडाची कमान करून तिच्यात त्यांनी इंग्रजी पद्धतीची भिंतीतली शेकोटी बांधून घेतली आहे; एखादे पोर आत सहज उभे राहील एवढी मोठी. सिनेमात नायक-नायिका पावसात भिजून येतात आणि जिच्यापुढे बसतात, तीच. गेल्या पौषात तिच्यात पहिल्यांदा जाळ केला. दोन मोळ्या लाकूड जळले. समोर बसलेल्यांची तोंडे भाजली आणि पाठी गारठल्या, दाराखिडक्यांच्या फटींतून बोचरा वारा आत शिरू लागला आणि वहिनींनी अखेर शाल पांघरून स्वयंपाकघर गाठले. मग कोणीतरी सुचवले, की अशा कमानीत बसवायच्या लोखंडी पेट्या मिळतात. त्यांना ‘इन्सर्ट’ म्हणतात. लगेच चार कंपन्यांची माहितीपत्रके आली आणि पाठोपाठ मला बोलावणे आले. “अहो, यातली कोणती घेऊ ते तुम्हीच सांगा.” मी काही या विद्येतला पंडित नव्हे, पण जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईचा मुलगा आहे, तेवढा अधिकार मला पुरेसा वाटला.

उघड्या शेकोटीत वारा आत का शिरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. जाळाने धुराड्यातली हवा तापली, की ती वर धावते आणि तिची जागा भरायला खोलीतली हवा ओढली जाते. म्हणजे आपण ज्या हवेला ऊब दिली तीच आपण आकाशात सोडतो आणि तिच्या बदली बाहेरची गार हवा फटींतून आत घेतो. लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग खोलीच्या वाट्याला येतो. साहेबाला हे कळायलाही वेळ लागला. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकाच्या चाळिशीत लोखंडी शेगडीची पेटी काढली. काउंट रम्फर्डने १७९६ साली धुराड्याच्या शेकोटीवर निबंध लिहून तिचा घसा अरुंद करा, पोट उथळ करा, असे सांगितले. आजचा इन्सर्ट म्हणजे त्याच विचाराचा पुढचा टप्पा. लोखंडाची बंद पेटी, पुढे काचेचे दार, वारा कमीजास्त करायला पट्टी, पेटीभोवती पोकळी आणि माथ्यावर धुराची नळी. पोकळीतली हवा तापून खोलीत येते, धूर नळीने जातो. चांगल्या पेटीत लाकडाची सत्तर टक्क्यांपर्यंत उष्णता घरात राहते. स्नेह्यांना मी म्हटले, “यात नवे काय आहे? हा तुमचा आमचा बंबच. पाण्याच्या जागी हवा भरली, एवढाच फरक.”

हे चालले असताना वरच्या वाडीतली एक म्हातारी मोळी घेऊन आली. स्नेह्यांच्या शेकोटीचे लाकूड तिच्याच डोक्यावरून येत असे. मोळी टाकून, चुंबळ हातात घेऊन ती उंबऱ्याशी टेकली. कमानीकडे बघून म्हणाली, “सायेब, ह्याच्यावर भाकर कुठं भाजायची?”

“भाकरीसाठी नाही आजी, ही नुसती उबेसाठी.”

“नुस्ती उबंसाठी?” ती हसली. मग उठून जवळ आली, कमानीत डोके घालून वर पाहिले, वरचा आभाळाचा तुकडा तिला दिसला असावा. “आन् धूर हिकडनं जातो व्हय? तुमच्या शेकायच्या धुराला वाट हाय म्हना की.”

एवढे बोलून पैसे कनवटीला लावून ती गेली. तिने टोमणा मारला नव्हता. मला मात्र तो टोमणाच वाटला आणि अजून वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर पत्रे. आतल्या कोपऱ्यात चूल, तिला लागून वैल, मागे भाणस. चुलीवर हातभर उंचीला बांबूची ताटी टांगलेली. तिच्यावर बियाणे, लाल मिरची, ओल्या काड्या. घर उबदार होते, हे कबूल केलेच पाहिजे. स्नेह्यांच्या दिवाणखान्यापेक्षा कितीतरी उबदार. आणि घरात धूर असा भरलेला होता, की मला उभे राहवेना. खाली बसावे लागले, कारण धूर वर असतो आणि जमिनीलगत थोडी हवा उरते. तिथल्या बायकांना हे शहाणपण लहानपणीच येते. तिची सून रांधत होती, सुनेच्या मांडीवर सहा महिन्यांचे मूल होते आणि मूल खोकत होते. गॅसची टाकी कोपऱ्यात होती. तिच्यावर फडके घालून देवाची तसबीर ठेवली होती.

आता शहाणे लोक इथे हटकून एक प्रश्न विचारतात: गॅस दिला, तरी या बायका चूल सोडीत कशा नाहीत? आणि स्वतःच उत्तर देतात: अडाणीपणा, सवय, चव. कोणी थोडा सहृदय असला तर म्हणतो, टाकी महाग पडते. महाग पडते हे खरेच आहे. पण या उत्तरात एक गोष्ट कोणीच मोजत नाही. चूल नुसती रांधत नाही. ती घर तापवते. आणि या डोंगरातली खरी थंडी पौषातली नव्हेच, ती आषाढातली. सह्याद्रीच्या ऐन कड्याखालचा नि कड्यावरचा हा मुलूख; पाऊस लागला की आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. आवणीवरून आलेली माणसे गळ्यापर्यंत ओली. घोंगड्या ओल्या, इरली ओली, कुडाच्या भिंतींना बुरशी. ते सारे सुकवणार कोण? गॅसने भाकरी भाजते, भिंत सुकत नाही.

हिशेबच मांडू. १४.२ किलोच्या टाकीत साधारण १८० युनिट उष्णता असते. एखादी खोली उबदार ठेवायला दोन किलोवॅटचा जाळ रोज पाच तास चालवला, तर दिवसाला १० युनिट गेले. टाकी १८ दिवसांत खलास, आणि रांधणे अजून बाकीच. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना निघाली, २०२४ साली राज्याने वर्षाला तीन टाक्या फुकट देण्याची अन्नपूर्णा योजना आणली. दोन्हींचे मी स्वागत करतो. त्यांची थट्टा करणाऱ्यांनी आधी एक महिना चुलीपुढे बसून पाहावे. परंतु तीन टाक्यांत घर तापत नाही. शिवाय धुराड्यावाचून बंद खोलीत गॅसचा जाळ उबेसाठी तासन्‌तास ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. कोळशाची शेगडी दार लावून उशाशी ठेवणे जसे, तसेच. म्हणून ती बाई गॅसवर चहा करते आणि चुलीवर घर चालवते. कागदावर तिचे घर धूरमुक्त होते. छातीत होत नाही.

छातीचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० साली जगात ३२ लाख माणसे दगावली; त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजार मुले. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी गुजरातेतल्या खेड्यांत रांधणाऱ्या बायांच्या अंगावर यंत्रे लावून धूर मोजला आणि पुढे आयुष्यभर तो एकच गोष्ट सांगत राहिला: घरातली उघडी चूल म्हणजे तासाला चारशे सिगारेटी जाळल्यासारखे आहे. आपल्या घरच्या सुनेने एक सिगारेट ओढली असती तर आपण केवढा गहजब केला असता!

आणि आपण काय करतो? पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, नारायणगाव, आळेफाटा असे जाताना पाट्या वाचाव्यात. ‘चुलीवरची भाकरी’, ‘चुलीवरचे मटण’. मोटारीतून उतरून आपण धुराची चव घेतो, वा वा म्हणतो आणि काचा वर करून निघतो. भाकरी चुलीची गोड लागते याविषयी माझा वाद नाही. पण तिचा गोडवा निखाऱ्यात असतो, धुरात नसतो. ज्या बाईने भाकरी कधी भाजली आहे तिला हे ठाऊक आहे, खाणाऱ्याला ठाऊक नाही.

धुराच्या बाजूने एक वकिली केली जाते तीही सांगून टाकतो. धुराने कुडातली वाळवी मरते, बियाण्याला टोका लागत नाही. हे खरे आहे. गवताच्या छपराच्या काळी ते मोठेच कारण होते. पण आता छपरावर पत्रा किंवा मंगलोरी कौल आहे, त्यांना वाळवी खात नाही. आणि ताटीवरचे बियाणे सुकते ते उबेने. उरलेल्या किड्यांसाठी राख आहे, कडुलिंबाचा पाला आहे. किडे मारण्यासाठी मूल धुपवावे, हा न्याय कुठला?

“अहो, पण बिनधुराच्या चुली सरकारने करून पाहिल्या, त्या फसल्या,” असे म्हणणारा एक तरी इसम प्रत्येक बैठकीत असतो. फसल्या खऱ्या. पण का फसल्या ते तो सांगत नाही. हा खटाटोप आजचा नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल काढून १९५३ साली तिच्यावर पुस्तिका लिहिली. पुढे १९८३ च्या अखेरीस केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो आवरेपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. बसल्या म्हणजे मोजल्या गेल्या. उद्दिष्ट चुलींच्या संख्येचे होते, मोकळ्या श्वासाचे नव्हते. ओडिशातल्या खेड्यांत अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी अशा चुलींचा वर्षानुवर्षे माग घेतला. प्रयोगशाळेत गुणी ठरलेली चूल घरात पहिल्या वर्षानंतर निरुपयोगी होत गेली, कारण नळ्या साफ झाल्या नाहीत, फुटलेली चूल कोणी सांधली नाही. आमच्या म्हातारीनेही एक चूल पाहिलेली होती. “नळीच्या भोकातनं पावसाचं पानी चुलीत. मंग काढून टाकली,” ती म्हणाली. संपला कार्यक्रम! घाटमाथ्यावरच्या पावसाला पत्र्यातले भोक उघडे ठेवून चालत नाही, नळीला टोपी लागते आणि भोकाभोवती पत्र्याची गळपट्टी लागते, हे ज्याला सुचले नाही त्याने चूल नापास ठरवली आणि दोष बाईला दिला.

बंबाची नळीही काजळीने तुंबते. पण दर दिवाळीला आम्ही पोरे चिंच-राख घेऊन बंब आतबाहेर घासत असू, कारण पहाटे वडिलांना पाणी कढत लागे. म्हणजे नळी साफ ठेवणे आम्हाला जमत होते. चुलीची नळी साफ करायची म्हटली, की ती ‘लोकांच्या सवयीत बसत नाही’!

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशा नावांच्या चुली काढल्या, साच्यात ओतून गवंड्याला घरोघर करता येतील अशा. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याबद्दल या संस्थेला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. विद्या आपल्या दाराशी आहे. आणि पाचटाला तर या दोन तालुक्यांत तोटाच नाही. पूर्वेकडे उतरा, निवृत्तीनगरला विघ्नहर, दत्तात्रयनगरला भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. बॉयलरला आकाशाला भिडणारे धुराडे. गावोगावच्या गुऱ्हाळाच्या चुलाणाला धुराडे. उसाचा रस उकळायचा तर धुराडे, आंघोळीचे पाणी तापवायचे तर धुराडे, साहेबांची पाठ शेकायची तर धुराडे. आणि दिवाळी संपताच तो ऊस तोडायला जी कुटुंबे येतील, त्यांच्या कोपीत तीन दगड आणि तान्ही पोरे!

तेव्हा पेटी कोणती घ्यावी, या प्रश्नाला माझे उत्तर असे. आधी नळी निवडा, मग पेटी. नळी सरळ, शक्य तितकी कमी वळणांची, छपरातून निघाल्यावर निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग उंच असेल त्याच्याहून दोन फूट वर, माथ्यावर टोपी. वाशांपासून नळी लांब ठेवा, नाहीतर घर शेकण्याऐवजी पेटेल. पेटी लहान घ्या. दुकानदार मोठी दाखवील. इंग्लंडात चौदा घनमीटर खोलीला एक किलोवॅट असा ढोबळ हिशेब धरतात. आपल्याकडे पारा आठ-दहा अंशांवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते, तेव्हा त्याच्या निम्म्याने भागते. मोठी पेटी घेतली की ती कोंडून, वारा बंद करून जाळावी लागते; मग लाकूड धुमसते, काच काळी होते आणि नळीत डांबर साचते. एका रात्री ते पेटते. लाकूड फोडून, वैशाखात वळचणीखाली रचून सुकवलेले हवे. ताज्या लाकडात निम्मे पाणीच असते. ते जाळणे म्हणजे विस्तवावर पाणी तापवून वाफ आभाळाला दान करणे. आणि पेटीचा माथा सपाट असू द्या, वर पातेले बसेल असा.

डोंगरातल्या घराला यापेक्षा निराळे काही लागत नाही. काश्मिरात बुखारी असते, कोरियात चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी नळांतून फिरवून मग बाहेर सोडतात आणि माणसे उबदार जमिनीवर निजतात. आपल्या वाडीत दगडमातीची जाड चूल, मागे बंद वैल, तिथून नळी थोडी आडवी भाणसातून नेऊन मग वर काढली, तर धूर बाहेर जाईल आणि जाण्याआधी आपली ऊब भाणसाला देऊन जाईल. ताटी तिथेच टांगावी. याला परदेशी कंपनी लागत नाही. गवंडी लागतो, आणि बांधण्यापूर्वी त्या घरच्या बाईला तवा केवढा, परात केवढी, बसून रांधतेस की उभी, हे विचारावे लागते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा ठरली आहे आणि तीत स्वच्छ स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. घाटाकडच्या घरकुलात धुराडे धरल्याखेरीज ही जागा स्वच्छ कशी म्हणायची, हे नियम करणाऱ्यांनी सांगावे. एका नळीला जे सिमेंट लागते त्याहून अधिक नावाच्या पाटीला लागत असेल.

राहता राहिले जंगल. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले, सुमारे १३० चौरस किलोमीटरचे. शेकरूचे घर म्हणून ते प्रसिद्ध आहे. लाकडाच्या चुलीची बाजू घेता आणि झाडांचे काय, असे कोणी म्हणेल. वाडीतली माणसे हिरड्याला कुऱ्हाड लावीत नाहीत. हिरडा वेचून त्यांचा संसार चालतो. ती आणतात वाळक्या फांद्या, कारवीच्या काटक्या. उघडी चूल यातली बहुतेक उष्णता वाया घालवते. बंदिस्त चुलीला निम्म्या मोळीत भागले तर बाईची निम्मी पायपीट वाचली आणि रानही वाचले. रानाला जड जाते ती दिवाणखान्यातली हौस, एका रात्रीत दोन मोळ्या खाणारी.

स्नेह्यांशी या सगळ्यावर माझे दोन दिवस कडाक्याचे भांडण झाले. “मी शेकोटी घ्यायला निघालो आणि तुम्ही माझ्या गळ्यात गाव बांधता,” असे ते रागाने म्हणाले. रागात थोडे तथ्यही होते. परवा त्यांचा फोन आला. पेटी घेतली, लहानच घेतली, माथा सपाट आहे. वहिनी तिच्यावर दूध आटवतात. पेटी बसवायला घोडेगावचा गवंडी आला आहे, तो चार दिवस आहे. तेवढ्यात वरच्या वाडीत म्हातारीच्या घरी आणि तिच्या शेजारी अशा दोन चुलींना नळ्या बसवून घेतो आहे. म्हातारीने चूल चार बोटे खाली घ्यायला लावली आणि नळीचे भोक आधी पाणी ओतून तपासायला लावले. नळी किती इंची घ्यावी, असे गवंडी विचारतो आहे.

पेटीला सहा इंची, चुलीला चार इंची पुरे, आणि टोपी विसरू नका, असे मी कळवले आहे.